कवळीच्या डबीतलं फूल

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला सगळी इमारत लवंगी म्हणते. तोंडावर नाही, एवढी छाती कुणाची नाही. जिन्यात, ती दोन मजले खाली उतरून गेल्यावर, हळूच. उंची म्हणाल तर लिफ्टचं बटण दाबायला टाचा उचलाव्या लागतात. आणि तिखटपणा म्हणाल तर लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीवाला आधी विचारतो, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घरी आहेत का?" असल्या तर तो जेवून मग येतो.

लग्न तिनं केलं नाही. वेळच मिळाला नसणार. एवढा राग एकटीनं सांभाळायचा म्हणजे पूर्णवेळ काम आहे. पोटासाठी ती कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागे लॅब म्हणून एक लांबट खोली आहे, तिथे फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीनं मांडलेले असतात, आणि त्यांच्यापुढे लवंगी दिवसभर मेण कोरत, दात बसवत, पुटपुटत बसते. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर ती चेहऱ्याकडे बघत नाही, दातांकडे बघते. "वरचा डावा घासतोय तुमचा. रात्री डबीत पाणी घालून ठेवा म्हटलं होतं ना?" भर चौकात! माणूस तोंड मिटून जो निघतो तो परत तिच्या वाटेला जात नाही.

असं असूनही तिच्या खिडकीखाली उभं राहिलं तर दुपारी तिचा आवाज अगदी वेगळा लागतो. "का गं, रुसलीस? ऊन लागलं? जरा सरकवू?" नव्या भाडेकरूंना वाटतं घरात नात आली असावी. नात कुठली, ते खडे.

खडे म्हणजे झाडंच, पण ओळख करून दिल्याशिवाय कुणाला पटत नाही. बोटाच्या पेरापेक्षा बुटकी, दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मधे एक फट, आणि रंग असा की शेजारी खरा खडा ठेवला तर कुठला जिवंत ते ओळखू येऊ नये. खिडकीतल्या फळीवर वाटीएवढ्या कुंड्यांमधे अशी कितीतरी मंडळी बसलेली. पाणी द्यायचं ते लॅबमधल्या पोकळ सुईनं, थेंब थेंब, तेही त्यांची मर्जी असेल तेव्हाच. वर्षातले काही महिने ते झोपतात. तेव्हा जुनी पानं सुरकुततात, वाळून कागद होतात, आणि त्या कागदाच्या आत नवी जोडी जुनीचा रस पिऊन वाढते. झोपेत पाणी पाजलं की संपलं, कुजून लगदा. नवख्या माणसाला झोपलेला खडा आणि मेलेला खडा सारखाच दिसतो.

आणि इथेच सगळी आग आहे.

लवंगीचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक वस्तूंचा नाद त्यांचाच. जन्मभर भिंगातून चाकं बघितली आणि संध्याकाळी त्याच भिंगातून खडे. बियांपासून वाढवलेली चाळीसेक कुंड्यांची फळी होती त्यांची, आणि त्यात त्यांनी स्वतः दोन जातींचा संकर करून जमवलेले जांभळे खडे: माथ्यावर दुधी काच बसवल्यासारखी, आणि तिच्यात तडे गेल्यासारख्या रेघा. तसे बाजारात कुठे नाहीत. लवंगीनं शोध घेऊन झाला आहे. एका मोठ्या रोपवाटिकेच्या बाईनं तर फोटो बघून सांगितलं होतं, "हे तुमच्याकडे आहे ते जपा. आमच्याकडे मागू नका."

वडील गेले तेव्हा फळी झोपेत होती. लवंगी कागदपत्रांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती, आणि धाकटा भाऊ खोली आवरत होता. भाऊ चष्मेवाला. चौकात दुकान, दुकानावर भलामोठा डोळा रंगवलेला. आई त्याला अजून बाळ म्हणते. बाळाला टक्कल पडून जमाना झाला. तर बाळानं फळी बघितली, सगळं वाळलेलं, सुरकुतलेलं, आणि कुंड्यांसकट पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिलं. बापाच्या हयातीची मेहनत! लवंगी घरी आली ती गाडी वळणावर असताना. ती धावली. पायातली चप्पल एका बाजूला, ती एका बाजूला. गाडीवाल्याला खाली उतरवलं, पोतं उलटं केलं, आणि कुंड्यांच्या खापऱ्यांत हात घालून शोधत बसली. बाकीचं सगळं चेंगरून गेलं होतं. हाताला लागले ते दोन जांभळे.

"जगाला चष्मे विकतोस, तुला कधी दिसायचं?" हे ती त्या दिवशी बोलली, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

बाळ पण कमी नाही. खजील झाला की तो जास्त ताठ होतो. म्हणाला, "मला काय स्वप्न पडलं होतं? आणि बाबा काय तुझे एकटीचे होते? एक मला दे."

"टाकताना सगळे तुझे, आणि सापडल्यावर निम्मे?"

मग आईनं न्याय केला. आईचा न्याय म्हणजे सुरी. जन्मभर त्या बाईनं प्रत्येक गोष्टीचे दोन तुकडे केले: वडीचे, खोडरबरचे, एकदा तर एकाच छत्रीवरून भांडण झालं तेव्हा पावसाचे वार वाटून दिले होते. आता तर तिनं स्वतःचेच दोन तुकडे केले आहेत, सहा महिने लेकीकडे, सहा महिने लेकाकडे. तिनं एक खडा इकडे ठेवला, एक तिकडे. "झालं समान. आता तोंडं बंद."

तोंडं बंद झाली ती नऊ वर्षं. दोघांच्या घरांमधे बसचे चार थांबे, पण लवंगी त्या बसनं जायची वेळ आली तर चालत जायची, कारण बस चष्म्याच्या दुकानावरून जाते. चष्मा लागला तेव्हा तिनं तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणला, आणि तो नाकावरून घसरतो, तरी दुरुस्त करून घेत नाही. मराठीत वैर धरण्याला दात धरणं म्हणतात. हिच्याइतक्या सफाईनं तो कुणी धरला नसेल. धंदाच तो.

आता गोष्ट या वर्षीची.

गेल्या मोसमात लवंगीच्या जांभळ्या खड्याला बाजूला फुटलेलं डोकं मऊ पडलं. तिनं मेण कोरायच्या पात्यानं ते कापून काढलं, जखम सुकू दिली, माती बदलली. मुळं बघितली आणि तिचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. दोन-तीन धागे उरले होते, बाकी तपकिरी भुगा. मग मोसम आला आणि उरलेल्या डोक्याच्या फटीतून कळी वर आली, चांगली टपोरी. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. लवंगी कळीवर खेकसली, "आता सुचतंय होय तुला!" कारण तिला कळत होतं. मरायला टेकलेलं झाड शेवटचा जोर लावून फुलतं. हे गेलं की बाबांचा खडा एकच उरणार, आणि तो बाळाकडे. बी धरलं तरच काही वाचेल.

आणि बी एकट्याला धरत नाही. या जातीचं हेच तर आहे. स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. दुसऱ्या खड्याचा लागतो, आणि बाबांची जात राखायची तर तोही जांभळ्याचाच; फळीवरची बाकीची विकत आणलेली मंडळी इथे कामाची नाहीत. बाबा दर मोसमात दुपारी फुलं उमलली की बारीक ब्रश लवंगीच्या हातात द्यायचे. "तुझा हात हलका. या फुलावरून त्या फुलावर. आता त्यावरून यावर." बाळ तेव्हा गल्लीत चेंडू बडवत असायचा.

त्याच आठवड्यात आई आली. तिचे बाळाकडचे सहा महिने संपत आले होते. स्वेटर न्यायचं निमित्त करून ती मधेच डोकावायची, इकडच्या बातम्या तिकडे आणि तिकडच्या इकडे पोचवायला. बसल्या बसल्या म्हणाली, "बाळाच्या खड्याला पण फूल आलंय हो. आज दुपारी उमललं. कसा बघत बसलेला त्याच्याकडे, दुकान सोडून."

लवंगीच्या हातातला कप बशीवर आपटला.

"बघत बसतो? आता बघत बसतो? तेव्हा डोळे कुठे गहाण पडले होते?"

"झालं सुरू तुझं. अगं, आपलेच दात आणि आपलेच ओठ. किती दिवस चावशील?"

"मला दात शिकवू नकोस."

पण डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. जाऊन मागावं? जीभ झडली तरी नाही. त्यानं आणून द्यावं? तो द्यायचा नाही, आणि दिलं तर जन्मभर ऐकवेल. मग उरली आई. लवंगीनं कपाटातून लॅबचा अगदी बारीक ब्रश काढला, एक नवीकोरी कवळीची डबी काढली, आणि आईला समोर बसवून धडा दिला.

"हे बघ. उद्या दुपारी तो दुकानात गेला की फुलाच्या मधे जी पिवळी पूड असते, त्यावर हा ब्रश हलकेच फिरवायचा. हलकेच! मग ब्रश डबीत, डबी पिशवीत, आणि थेट इकडे. मधे कुणाशी गप्पा नाहीत."

"म्हणजे चोरी?"

"पूड गं! पूड घेतली तर फूल काही कमी होत नाही. त्याला कळणारसुद्धा नाही."

आई म्हणाली, "मग सरळ माग की." लवंगीनं तिच्याकडे असं बघितलं की आईनं डबी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी लवंगीनं लॅबमधून सुट्टी काढली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणाली, "घरात लग्न आहे." डॉक्टर अजून विचारात आहेत, कुणाचं.

दुपारी तिचं फूल उमललं. पांढरं, बारीक पाकळ्यांचं, खालच्या झाडापेक्षा मोठं. बुटक्या माणसानं मोठी टोपी घातल्यासारखं. लवंगी दारात उभी. आई जिना चढून आली, धापा टाकत खुर्चीत बसली, पिशवीतून डबी काढली.

लवंगीनं झाकण उघडलं. आत ब्रश नव्हता. आत फूल होतं. अख्खं. देठासकट खुडलेलं.

"हे काय?"

"ते ब्रशबिश मला जमेना. हात थरथरतो माझा. म्हटलं सांडलवंड नको, फूलच नेते."

"आई! अख्खं फूल खुडलंस?"

"मग काय अर्धं आणू?"

"जन्मभर अर्धं केलंस सगळं!" लवंगीचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यावरचा रेडिओ कुणीतरी बारीक केला. "खोडरबराचे तुकडे केलेस, बापाच्या झाडांचे तुकडे केलेस, आणि आज नेमकं अख्खं आणायचं सुचलं?"

"एक फूल गं. पुन्हा येईल."

"वर्षानं येईल! त्याला आता काय धरणार? डोंबल?"

हे बोलून ती थांबली. बाळाच्या खड्याची आपण काळजी करतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचाही तिला संताप आला. तिनं डबी उचलली, खिडकीशी गेली, खुडलेलं फूल चिमट्यात धरलं आणि आपल्या फुलावर टेकवलं. एकदा, दोनदा, गोल फिरवून. रागानं कान लाल झालेले, पण हात कसा, जसा बाबांनी सांगितलेला. पूड बसली. तिनं खुडलेलं फूल परत डबीत ठेवलं आणि झाकण असं दाबलं, जणू आतलं ओरडणार आहे.

आई म्हणाली, "मी आता इथेच राहते. चार दिवस आधी आले तर काय बिघडतं?" घाबरली होती बिचारी. चोरी करून मालकाच्याच घरी कुणाच्या गळ्याखाली घास उतरतो?

बाळ आला तो दुसऱ्याच संध्याकाळी. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढला, आणि चढला तो असा की मजल्यामजल्यावरची दारं बोटभर उघडली. कान काय फुकट दिलेत देवानं?

"माझं फूल कुठंय?"

"कसलं फूल?" लवंगी दार अडवून उभी. तो दारापेक्षा उंच, ती कडीएवढी, पण दार तिचंच भरलेलं वाटत होतं.

"नाटकं नकोत ताई. आईच्या हातात कवळीची डबी बघितली बायकोनं. आमच्या घरात कवळी कुणाची आहे? आईचे सगळे दात शाबूत आहेत!"

आतून आई म्हणाली, "दोन नाहीत."

"तू गप्प बस आई!" दोघं एकदम म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं, ते असं.

"एका फुलासाठी घर डोक्यावर घेतोयस?" लवंगी म्हणाली. "पोतं भरून टाकलंस तेव्हा एवढा जीव तळमळला नाही तो?"

"आलं! आलं पोतं! नऊ वर्षं ऐकतोय मी ते पोतं. तू बोलत नाहीस तरी ऐकू येतं. झोपलेत हे मला कुणी सांगितलं होतं? बाबांनी मला कधी त्या फळीला हात लावू दिला? सगळं तुला. ब्रश तुला, भिंग तुला. मला काय, तर 'बाळा, लांब हो, पाडशील.'"

"मग पाडलंसच की!"

"हो, पाडलं! न कळून पाडलं. पण हा एक नाही पडू दिला. माती चाळली, उन्हाळ्यात दुकानातला पंखा काढून त्याच्या बाजूला लावला, बायकोनं वेड्यात काढलं. दर वर्षी फूल येतं. दर वर्षी मी त्याच्यावर ब्रश फिरवतो, बाबा तुझ्याकडून फिरवून घ्यायचे तसा. बी धरत नाही. मला वाटतं खडा वांझ आहे, नाहीतर आपणच करंटे. तरी फिरवतो. आणि तू आईला पाठवून—"

"एकट्याला धरतच नाही, मठ्ठा!" लवंगी ओरडली. "हजार वेळा फिरव! स्वतःचं स्वतःला चालत नाही त्याला. दोन लागतात!"



बाळानं चष्मा काढला. शर्टाच्या टोकाला पुसला. चष्मेवाला शर्टाला काच पुसतो म्हणजे त्याचं चित्त ठिकाणावर नाही.

"तुला कधीपासून माहितीये हे?"

 उत्तर आईनं दिलं, आतून, अगदी साधेपणानं. "तिला लहानपणापासून माहितीये की. बाबा तिच्याकडूनच करून घ्यायचे."

"म्हणजे त्या दिवशी," बाळ हळू बोलत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, "आईनं एक तुला, एक मला दिला, तेव्हा तुला माहीत होतं की आता दोघांनाही बी धरणार नाही. आणि तू बोलली नाहीस."

"मी—"

"मी टाकले ते न कळून, ताई. तू कळून टाकलेस."

तो गेला. खड्याकडे बघायलासुद्धा आत आला नाही. बोटभर उघडलेली दारं आवाज न करता मिटली. त्या संध्याकाळी इमारतीत कुणी लवंगीला लवंगी म्हटलं नाही.

राग तर होताच. पण आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. नऊ वर्षं एका जागी नीट बसलेला, मापात कोरलेला. आता हलायला लागला, टोचायला लागला, जुनी कवळी हिरड्या झिजल्यावर टोचते तसा. सवयीनं ती बाळावर चिडायला जायची आणि मधेच वाट बदलून स्वतःवर यायची. लॅबमधे एका बाईची कवळी तिनं इतकी दात खाऊन घासली की ती मधोमध तडकली. डॉक्टर बोलायला आले. "बोला," लवंगी म्हणाली. "बोलाच तुम्ही." डॉक्टर आल्या पावली परत गेले. आईवर चिडावं तर आई म्हणायची, "माझ्यावर कशाला ओरडतेस? मी सारखं वाटून दिलं होतं. त्या दोघांना एकत्र राहायचं असतं हे मला कुणी सांगितलं? ज्याला माहीत होतं त्यानं बोलायचं." आणि सुईत दोरा ओवायला लागायची.

फूल मिटलं, वाळलं, आणि त्याच्या बुडाशी बोंड फुगलं. धरलं होतं! लवंगी रोज भिंगातून बघायची. बोंड भरत गेलं आणि खाली खडा रिकामा होत गेला. दर वर्षी जुन्या कागदाच्या आत नवी जोडी दिसते. या वर्षी कागदाच्या आत कागदच होता. होतं नव्हतं ते सगळं त्यानं बोंडात घातलं. शेवटी एके सकाळी तिनं बोट लावलं तर खडा मुळापासून आडवा झाला, वजन नसल्यासारखा. वर वाटाण्याएवढं, लाकडासारखं टणक बोंड तेवढं ताठ.

आई बाळाकडे जायची बॅग भरत होती. जवळ येऊन बघितलं आणि म्हणाली, "निम्मं दे माझ्याकडे. पोचवते."

"नको!" लवंगी इतक्या जोरात म्हणाली की आईच्या हातातली घडी सुटली. "आता काही निम्मं करायचं नाही. तू हात लावू नकोस. मी जाते."

"तू?"

"मला पाय नाहीत?"

चष्म्याचं दुकान म्हणजे चारी भिंतींना आरसे. आत शिरल्या शिरल्या लवंगीला सगळीकडून लवंगी दिसली, आणि एकही बरी दिसली नाही. स्टुलावर एक गिऱ्हाईक बसलं होतं, नाकावर ती तपासणीची लोखंडी चौकट, तिच्यात एकावर एक भिंगं. बाळ समोरच्या तक्त्यावर अक्षरं दाखवत होता. त्यानं आरशातून तिला बघितलं. वळला नाही.

"चष्मा दुरुस्त करायचा असेल तर बसावं लागेल."

"चष्मा नाही, तुझी—" ती थांबली. घसरलेला चष्मा वर ढकलला. "माझं चुकलं म्हणायला आलेय. पण तुझं तोंड बघितलं की जमत नाही."

गिऱ्हाइकानं मान वळवली. भिंगांतून त्याचे डोळे बशीएवढे दिसत होते.

बाळानं गिऱ्हाइकाची मान परत तक्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "बरं. नको बघूस." आणि तक्त्याकडे तोंड करून, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीला नाक लावून उभा राहिला.

त्याच्या टकलाकडे बघत लवंगी बोलली. भरभर, रागारागानं, कुणीतरी मागे लागल्यासारखी. "मला माहीत होतं. त्या दिवशीच माहीत होतं. तोंडावर आलं होतं आणि गिळलं. म्हटलं, बस बोंबलत. तुला बी धरू नये म्हणून मी माझ्यालाही धरू दिलं नाही. नऊ मोसम. माझं चुकलं. पोत्याचं विसरले नाहीये मी, समजलास? ते तुझंच चुकलं. पण हे माझं."

"माझा खडा झोपलाय," बाळ भिंतीला म्हणाला. "पाणी बंद केलंय."

"केव्हापासून?"

"झालं आता सुरू."

"माझा गेला."

तेव्हा तो वळला. तिनं कवळीची डबी काचेच्या टेबलावर ठेवली, उघडली. आत बोंड. बाळानं खिशातून भिंग काढलं. त्यानं न सांगताच ती बाजूला सरकली, प्रकाश येऊ दिला.

"हे फुटत नाही रे हातानं. पाण्याचा थेंब लागतो. तू घाल."

"मी? पाडीन."

"पाडलंस तर जीव घेईन. घाल."

त्यानं ड्रॉपर घेतला. लवंगीनं दोनदा "हळू" आणि एकदा "गाढवा" म्हटलं. थेंब पडला. गिऱ्हाईक ती भिंगांची चौकट नाकावर सांभाळत कधी येऊन वाकलं ते कुणाला कळलं नाही. टणक बोंडाच्या फटी सैल झाल्या, आणि मग एकेक पाकळी मागे पडत गेली, इतकी सावकाश की श्वास घ्यायचा राहून जावा. मधोमध चांदणी उघडली. चांदणीत धूळ. नीट बघितलं तर तपकिरी दाणे.

"बाबा," बाळ म्हणाला, आणि भिंग तिच्या हातात दिलं.

वाटणी झाली नाही. धुळीची वाटणी कोण करणार, आणि सुरीवाली बाई घरी होती. सगळं एकाच पसरट कुंडीत पेरलं. मग कुंडी कुणाच्या घरी, यावर त्या दुकानात जे भांडण झालं त्यानं गिऱ्हाईक चष्मा न घेता गेलं. लवंगी म्हणत होती तिची खिडकी, बाळ म्हणत होता त्याची काच. शेवटी कुंडी दुकानाच्या दर्शनी काचेत राहिली, कारण तिथे सकाळचं कोवळं ऊन येतं हे तिलाही नाकारता येईना. वर झाकायला बाळानं एक मोठं गोल भिंग ठेवलं आणि लवंगीनं ते लगेच काढायला लावलं. "भाजायचेत का त्यांना? साधी काच ठेव! चष्मेवाला म्हणे!"

आता ती रोज सकाळी बसनं जाते, त्याच बसनं, लॅबच्या आधी चौकात उतरते, आणि चौकाला घड्याळ लावायची गरज उरलेली नाही. "माती ओली का? किती ओली? बोट लावून बघितलंस की नुसतं डोळ्यांनी? तुझ्या डोळ्यांचं मला सांगू नकोस!" बाळही ऐकून घेत नाही. "दुकान माझं आहे ताई, गिऱ्हाइकं पळतायत!" "पळू देत! ज्यांना दिसत नाही ते पळून जातील कुठे?" शेजारचा चपला शिवणारा म्हणतो, आधी बरं होतं, अबोला होता.

एका सकाळी लवंगीच्या घरी फोन वाजला. बाळ होता. आवाज दबका, कुणी झोपलेलं असावं तसा.

"ताई, उगवलेत. हिरवे ठिपके. मोहरीपेक्षा बारीक. लवकर ये. आणि हे बघ, ओरडत येऊ नकोस."

"पाणी घातलंस ना वरून?" जिन्यातून उतरता उतरताच ती ओरडली, एका पायात चप्पल, फोन अजून कानाला. "मेल्या, फवारा मार म्हटलं होतं, फवारा! हात लावू नकोस, मी येतेय!"